न भरलेला दंड

सुसान अँथनी हिचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲडम्स या गावी १५ फेब्रुवारी १८२० रोजी झाला. तिचे वडील डॅनियल अँथनी हे सूतगिरणी चालवीत असत. ते क्वेकर पंथाचे होते. साधी राहणी, सत्यभाषण आणि ईश्वरासमोर सर्व माणसे सारखी ही श्रद्धा, हे या पंथाचे विशेष होत. या पंथाच्या प्रार्थनासभेत स्त्रियांनाही पुरुषांप्रमाणे बोलण्याची मोकळीक असे. चारचौघांत स्त्रीने तोंड उघडणे हा जेथे उद्धटपणा समजला जाई, अशा त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. शाळेतील शिक्षकांनी मुलीला मोठा भागाकार शिकवण्याचे नाकारले, तेव्हा वडिलांनी मुलांसाठी घरीच शाळा सुरू केली, असे सांगतात.

१८३७ साली अमेरिकेत व्यापारात मोठी मंदी आली आणि डॅनियल यांचे दिवाळे निघाले. घरातील सामानाचा लिलाव पुकारला गेला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीच्या मालकीचे असे काहीच नसे. जे तिचे, ते सारे पतीचे. त्यामुळे सुसानच्या आईची माहेरून आलेली चीजवस्तूही जप्तीच्या यादीत चढली. मामाने ऐन वेळी बोली करून पुष्कळशा वस्तू सोडवल्या, म्हणून बरे. कायदा नावाची गोष्ट घराच्या उंबरठ्याच्या आत कशी येते, हे सुसानने त्या दिवशी पाहिले.

घराला हातभार लावण्यासाठी ती शिक्षिका झाली. सुमारे दहा वर्षे तिने हे काम मन लावून केले; परंतु त्याच कामासाठी पुरुष शिक्षकास मिळणाऱ्या वेतनाच्या मानाने तिच्या हाती पडे ती रक्कम फारच अल्प होती. पुढे कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहराजवळ शेतावर राहण्यास गेले. तेथे रविवारी गुलामगिरीच्या विरुद्ध झटणारी माणसे जमत. स्वतः गुलामगिरीतून निसटून आलेले सुप्रसिद्ध वक्ते फ्रेडरिक डग्लस हेही त्यांत असत. या सहवासात सुसानबाईंच्या पुढील आयुष्याची दिशा ठरली.

१८५१ साली त्यांची एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांच्याशी ओळख झाली. अमेरिकेतील स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषद १८४८ साली सेनेका फॉल्स येथे भरवणाऱ्यांत या स्टँटनबाई प्रमुख होत्या. दोघींचा स्नेह अखेरपर्यंत टिकला. स्टँटनबाईंची लेखणी तेजस्वी. पण घरी मुलेबाळे असल्याने त्यांना बाहेर पडणे कठीण. सुसानबाईंनी लग्न केले नव्हते. त्या गावोगाव हिंडू शकत. एकीने भाषणे लिहावीत आणि दुसरीने ती लोकांपर्यंत न्यावीत, अशी कामाची वाटणी झाली.

हिंडणे म्हणजे काय, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. विवाहित स्त्रीला आपल्या कमाईवर व मालमत्तेवर हक्क मिळावा, म्हणून १८५४ साली सुसानबाईंनी साठ स्त्रियांच्या मदतीने सहा हजार सह्या मिळवल्या. विधिमंडळाने अर्ज फेटाळला. तेव्हा त्याच वर्षी ऐन नाताळच्या दिवशी त्या एकट्या घराबाहेर पडल्या. बर्फाने रस्ते बुजलेले, मुक्कामाच्या जागी धड शेकोटी नाही, सभेला कोठे टाळ्या तर कोठे टवाळी! तरीही मे महिना उजाडेपर्यंत त्यांनी राज्याच्या साठ जिल्ह्यांपैकी चोपन्न जिल्हे पायांखाली घातले. त्यांना हवा होता तो कायदा १८६० साली झाला. परंतु दोनच वर्षांनी, देश यादवी युद्धात गुंतला असता, विधिमंडळाने मुलांच्या पालकत्वाविषयीचा त्यातील भाग गुपचूप काढून घेतला. मताचा अधिकार हाती नसेल, तर मिळवलेले हक्कही सुरक्षित नसतात, ही गोष्ट तेव्हा सुसानबाईंच्या मनात पक्की झाली.

यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि गुलामगिरी नष्ट झाली. आता मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नागरिक म्हणून स्थान देण्यासाठी अमेरिकेच्या राज्यघटनेत दुरुस्त्या झाल्या. पुढील हकीकत कळण्यासाठी त्यांपैकी दोन नीट समजून घेतल्या पाहिजेत. १८६८ सालच्या चौदाव्या दुरुस्तीने असे ठरवले, की अमेरिकेत जन्मलेली वा रीतसर नागरिकत्व घेतलेली प्रत्येक व्यक्ती अमेरिकेची नागरिक होय आणि नागरिकांचे विशेष अधिकार कोणत्याही राज्याने कमी करू नयेत. १८७० सालच्या पंधराव्या दुरुस्तीने वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. स्त्री असणे हे कारण मात्र त्या यादीत नव्हते.

स्त्रियांना वगळले म्हणून सुसानबाईंनी या पंधराव्या दुरुस्तीस विरोध केला. कृष्णवर्णीय पुरुषांच्या जिवावर बेतले असता त्यांना आधी मत मिळू द्यावे, असे डग्लस यांचे म्हणणे होते. दोन जुन्या मित्रांत जाहीर वाद झाला आणि चळवळीत फूट पडली. त्या वादात सुसानबाईंच्या बाजूने कृष्णवर्णीयांविषयी जे कडवट उद्गार निघाले, ते त्यांच्या थोरवीला शोभणारे नव्हते. डग्लस यांनी मात्र मैत्री तोडली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आता प्रश्न उरला तो चौदाव्या दुरुस्तीचा. स्त्री ही व्यक्ती आहे की नाही? असेल, तर ती नागरिक आहे. आणि नागरिकाचा सर्वांत मोठा अधिकार मताचाच नव्हे काय? मग स्त्रीला मत देण्याचा हक्क घटनेने आधीच दिलेला आहे. तो नुसता बजावायचा आहे! असा युक्तिवाद काही कायदेपंडित करू लागले होते. सुसानबाईंनी तो कसोटीला लावण्याचे ठरवले.

१ नोव्हेंबर १८७२ रोजी त्या आपल्या बहिणींसह रॉचेस्टरच्या आठव्या वॉर्डात मतदारांची नोंदणी चालली होती तेथे गेल्या. ते एक न्हाव्याचे दुकान होते. नोंदणी करणारे तीन निरीक्षक वयाने तरुण होते. स्त्रिया नाव नोंदवण्यास आलेल्या पाहून ते गोंधळले. सुसानबाईंनी त्यांना चौदावी दुरुस्ती वाचून दाखवली, राज्याच्या घटनेतील मताधिकाराचे कलम वाचून दाखवले आणि नाव नोंदवण्यास नकार दिल्यास न्यायालयात खेचण्याचीही जाणीव दिली. बराच खल झाल्यावर निरीक्षकांनी नावे लिहून घेतली. ५ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचे मतदान होते. त्या दिवशी सुसानबाईंनी आणि त्याच वॉर्डातील आणखी चौदा स्त्रियांनी मते दिली.

दोन आठवड्यांच्या आत सरकारी अधिकारी दाराशी आला. एका सभ्य वृद्ध स्त्रीला अटक करताना त्याला संकोच वाटत होता. कचेरीत आपल्या सवडीने यावे, असे त्याने सुचवले. परंतु पुरुषांना जशी अटक करता तशीच मलाही करा, असा सुसानबाईंचा आग्रह. घोड्यांच्या ट्राममधून जाताना वाहकाने भाडे मागितले, तेव्हा आपण सरकारच्या खर्चाने प्रवास करीत असल्याचे त्यांनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. त्यांच्यावर जो कायदा लावण्यात आला, तो १८७० साली कृष्णवर्णीय मतदारांच्या संरक्षणासाठी केलेला होता. मताचा हक्क राखण्यासाठी घडवलेले शस्त्र मताचा हक्क मागणाऱ्या स्त्रीवर उगारले गेले.

जामीन देण्यास सुसानबाईंनी नकार दिला. तुरुंगात टाकले, तर ती कैद बेकायदेशीर आहे असा अर्ज करून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता येईल, हा त्यांचा बेत होता. पण त्यांचे वकील हेन्री सेल्डन यांना एका प्रतिष्ठित स्त्रीने तुरुंगात जावे हे पाहवेना; त्यांनी स्वतःच जामिनाची रक्कम भरली. या सद्भावनेने सर्वोच्च न्यायालयाची वाट बंद झाली.

खटला उभा राहण्यास काही महिने अवकाश होता. खटला चालवताना न्यायाधीशांबरोबर बारा सामान्य नागरिकांची ज्यूरी बसते आणि आरोपी दोषी की निर्दोष हे ती ठरवते. ही ज्यूरी जिल्ह्यातील लोकांतूनच निवडली जाणार, हे ध्यानी घेऊन सुसानबाईंनी जिल्ह्यातील एकोणतीस टपाल विभागांपैकी एकूण एक विभागात व्याख्यान दिले. अमेरिकेच्या नागरिकाने मत देणे हा गुन्हा आहे काय, हा त्यांचा विषय. जिल्ह्यातील लोकमत बदलेल या धास्तीने सरकारी वकिलाने खटला शेजारच्या जिल्ह्यात, कॅनंडेग्वा या गावी हलवला. सुसानबाईंनी तोही जिल्हा पालथा घातला!

१७ जून १८७३ रोजी खटला सुरू झाला. न्यायाधीश वॉर्ड हंट हे सर्वोच्च न्यायालयाचे सदस्य होते. प्रेक्षकांत माजी राष्ट्राध्यक्ष फिलमोर होते. ज्यूरीत अर्थात एकही स्त्री नव्हती. आरोपीस स्वतः साक्ष देण्याची परवानगी मिळाली नाही. सेल्डन यांनी सुमारे तीन तास बाजू मांडली. नंतर न्यायाधीशांनी आधीच लिहून आणलेला कागद बाहेर काढून वाचला आणि आरोपी दोषी असल्याचा निकाल देण्याविषयी ज्यूरीला आज्ञा केली. त्या बारा जणांना आपसांत विचार करण्याचीही संधी दिली नाही. आरोपीस ज्यूरीकडून न्याय मिळण्याचा जो हक्क अमेरिकेची घटना देते, तोच येथे डावलला गेला. हंट यांच्या या कृतीवर तेव्हाही पुष्कळ टीका झाली.

दुसऱ्या दिवशी शिक्षा सांगण्यापूर्वी न्यायाधीशांनी रीतीप्रमाणे आरोपीस काही सांगायचे आहे काय, असे विचारले. आदल्या दिवसभर मौन धरावे लागलेल्या सुसानबाई बोलू लागल्या. न्यायाधीशांनी त्यांना पुनःपुन्हा खाली बसण्यास सांगितले. त्या बसल्या नाहीत. जे कायदे करण्यात, चालवण्यात आणि ज्यांचा अर्थ लावण्यात स्त्रीला कोठेच वाव नाही, त्या कायद्यांनी तिचा न्याय कसा होणार, हा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अखेर शंभर डॉलर दंड आणि खटल्याचा खर्च अशी शिक्षा झाली. आपण एक डॉलरही भरणार नाही, असे त्यांनी तेथेच सांगून टाकले. दंड न भरल्यास कैद, अशी पुस्ती न्यायाधीशांनी जाणूनबुजून जोडली नाही. कारण कैद झाली असती, तर वरच्या न्यायालयाचे दार पुन्हा उघडले असते. नाव नोंदवून घेणाऱ्या निरीक्षकांनाही प्रत्येकी पंचवीस डॉलर दंड झाला. तो त्यांनी भरला नाही, म्हणून १८७४ साली त्यांना तुरुंगात घातले. वॉर्डातील स्त्रिया त्यांच्यासाठी जेवण नेत असत. काही दिवसांनी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी निरीक्षकांस माफी दिली.

सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न दुसऱ्या वाटेने गेलाच. मिसुरी राज्यात व्हर्जिनिया मायनर यांना मतदार म्हणून नोंदवून घेण्यास नकार मिळाला होता. विवाहितेस एकटीने दावा लावता येत नसल्यामुळे पतीला बरोबर घेऊन त्यांनी फिर्याद केली. १८७५ साली न्यायालयाने एकमताने निर्णय दिला : स्त्रिया नागरिक आहेत खऱ्या, परंतु नागरिकत्वात मताधिकार येतोच असे नाही.

आता घटनाच बदलणे भाग होते. १८७८ साली सिनेटर सार्जंट यांनी त्यासाठी दुरुस्ती मांडली. १८८७ साली सिनेटमध्ये ती १६ विरुद्ध ३४ मतांनी पडली. सुसानबाई दरवर्षी वॉशिंग्टनला जात राहिल्या. १८८८ साली तेथे त्यांनी व सहकाऱ्यांनी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. तीत आपल्याकडील पंडिता रमाबाईही होत्या. रमाबाईंनी स्वदेशी परतल्यावर अमेरिकेच्या लोकस्थितीविषयी मराठीत ग्रंथ लिहिला, तो १८८९ साली प्रसिद्ध झाला.

१३ मार्च १९०६ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी सुसानबाई रॉचेस्टर येथे निवर्तल्या. तोवर वायोमिंग, कोलोरॅडो, युटा आणि आयडाहो या चारच राज्यांत स्त्रियांना पूर्ण मताधिकार मिळाला होता. १८७२ सालच्या त्या मतदानाने अधिकार मिळाला नव्हताच. १८७८ सालचीच शब्दरचना असलेली एकोणिसावी दुरुस्ती १८ ऑगस्ट १९२० रोजी टेनेसी राज्याच्या संमतीने पुरी झाली. तथापि दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांना नाना युक्त्यांनी मतदानापासून दूर ठेवले जाई. त्यांच्या हक्काला खरे संरक्षण १९६५ च्या कायद्याने मिळाले.

दंडाचे ते शंभर डॉलर कधीच भरले गेले नाहीत. १८ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सुसानबाईंना मरणोत्तर माफी जाहीर केली. रॉचेस्टर येथील त्यांच्या राहत्या घरात आज संग्रहालय आहे. माफी स्वीकारणे म्हणजे तो खटला रीतसर चालला असे कबूल करणे होईल, असे सांगून संग्रहालयाच्या प्रमुखांनी ती नाकारली.