पालवणकर बाळू : चेंडूचे धनी, खेळाचे गुरू

समाजातील थोर पुरुषांची चरित्रे आपल्या मुलाबाळांच्या कानी पडावीत, या हेतूने यंदाच्या स्मरणिकेत आम्ही पालवणकर बाळू यांचे चरित्र सादर करीत आहोत. आपल्या चर्मकार समाजात जन्मलेल्या या पुरुषाने क्रिकेटच्या मैदानावर मिळविलेली कीर्ती अखिल हिंदुस्थानाची ठरली.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाड येथे झाला. वडील लष्करी चाकरीत होते. पुण्यात लष्करी अंमलदारांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे बंधू शिवराम खेळ शिकले. प्रथम पारशी मंडळींच्या क्लबात मैदान झाडण्याचे व रूळ फिरविण्याचे काम दरमहा 3 रुपयांवर मिळाले. 1892 च्या सुमारास युरोपियनांच्या क्लबात 4 रुपयांवर चाकरी लागली. तेथे जाळी बांधावी आणि सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करावी, असे काम होते. जे. जी. ग्रेग यांच्यासारखा नामांकित फलंदाज त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करीत असे. फलंदाजीची संधी बाळूंना मात्र मिळत नसे. म्हणजे नोकर म्हणून ठेवलेला हा तरुण वस्तुतः साहेबांचा शिक्षक होता. वेतन तेवढे नोकराचे होते.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेलाच चेंडू हाती घेत. पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. विलायतेतही त्या काळी पैसे घेऊन खेळणारा आणि हौसेने खेळणारा असा भेद होता, व तो 1962 साली मोडला. तेथे भेद धंद्याचा होता. येथे बाळूंच्या वाट्यास धंद्याचा आणि जन्माचा असे दोन्ही भेद आले.

प्लेगनंतर ते मुंबईस गेले व हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला, त्यात बाळू व शिवराम दोघेही होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, परंतु बाळूंनी 114 बळी घेतले.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. 1920 साली त्यांना संघातून वगळण्यात आले, तेव्हा शिवराम व विठ्ठल या बंधूंनीही खेळण्यास नकार दिला. हा प्रसंग आम्हांस बळींच्या संख्येहून मोठा वाटतो. अंगच्या गुणाला न्याय मागण्यासाठी घरातील माणसे एकत्र उभी राहिली आणि त्याचे फळ मिळाले. पुढे बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले, व 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.

उत्तर आयुष्यात बाळू राजकारणात पडले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. तरुणपणी बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान वाटत असे, हेही विसरता येत नाही. दोघांचे मार्ग भिन्न झाले. माणुसकीचा हक्क मिळावा ही तळमळ दोघांचीही होती. 1955 साली बाळूंचे निधन झाले.

कुरखेड्यासारख्या जंगलपट्टीतील आपल्या मुलांना आज कापणीनंतरच्या मोकळ्या बांधीत चेंडूफळी खेळताना आम्ही पाहतो. त्यांच्यापैकी कोणी मोठा खेळाडू होईल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु मुलाच्या हाती कोणतीही कला असो, तिला हलकी म्हणू नये, आणि ती शिकविणाऱ्याचा मान त्याच्या जन्मावरून ठरवू नये. आणि आपल्यातील एखाद्यावर अन्याय झाला तर शिवराम व विठ्ठल यांच्याप्रमाणे त्याच्या पाठीशी उभे राहावे. एवढे प्रत्येक सभासद कुटुंबाने मनावर घेतले, तर बाळूंचे स्मरण सार्थकी लागले असे आम्ही समजू.