ज्योतीचे रंग ओळखणारे शास्त्रज्ञ : रॉबर्ट बुन्सेन

मागच्या महिन्यात आमच्या घरी आमटी उतू गेली. गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी झाली. आई आमटीसाठी हळहळली, पण मी मात्र ज्योतच बघत बसलो. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. तो रंग मिठाचा असतो असे त्यांनी सांगितले. त्यांनी मला एक पुस्तक दिले आणि त्यातल्या शास्त्रज्ञाबद्दल भित्तिपत्रकात लिहायला सांगितले. तेच हे रॉबर्ट बुन्सेन.

त्यांचा जन्म १८११ साली जर्मनीतील गटिंगेन येथे झाला. वडील तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक होते. चार भावांत हे शेंडेफळ. लहानपणापासून हुशार. रसायनशास्त्र शिकून १८३१ साली त्यांनी डॉक्टरची पदवी मिळवली.

सोमल हे जहाल विष आहे. ते पोटात गेले तर माणूस मरतो. १८३४ साली बुन्सेन यांनी डॉक्टर बेर्टोल्ड यांच्या साथीने त्यावर उतारा शोधला. तो लोखंडाच्या ओल्या गंजासारखा पदार्थ होता. पुढे ते सोमलापासून होणाऱ्या काकोडिल नावाच्या पदार्थांवर काम करू लागले. हे पदार्थ फार घाण वासाचे, विषारी आणि भडकणारे. एकदा प्रयोग चालू असताना मोठा स्फोट झाला. बुन्सेन यांचा उजवा डोळा कायमचा गेला. विषामुळे ते मरता मरता वाचले.

हे वाचल्यावर मी एक डोळा हाताने झाकून तांब्यातले पाणी पेल्यात ओतून पाहिले. निम्मे बाहेरच सांडले! बुन्सेन तर एका डोळ्याने काचेच्या नळ्या तापवून स्वतः उपकरणे बनवायचे. मला त्यांचे फार नवल वाटले.

१८५२ साली ते हायडेलबर्गच्या विद्यापीठात गेले. तेव्हाच्या गॅसची ज्योत पिवळी आणि धुरकट असे. तिच्यात दुसऱ्या पदार्थाचा रंग कसा दिसणार? म्हणून त्यांनी जळण्याआधीच गॅसमध्ये हवा मिसळायची युक्ती केली. देसागा नावाच्या कारागिराने १८५५ च्या सुमारास तसा दिवा बनवून दिला. त्याची ज्योत खूप गरम, पण तिला स्वतःचा रंग जवळजवळ नाही. हाच बुन्सेन बर्नर. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत तो असतो. त्याचा हक्क बुन्सेन यांनी स्वतःकडे ठेवला नाही. कोणीही बनवावा, असे त्यांचे मन मोठे.

त्यांचे मित्र किर्खोफ यांनी सुचवले की ज्योतीचा उजेड लोलकातून पाहावा. मग दोघांनी मिळून वर्णपटदर्शक बनवला. त्यातून पाहिले की रंगीत रेघा दिसतात. मिठातल्या सोडियमची रेघ पिवळी, लिथियमची लाल. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा वेगळ्या, जशा प्रत्येकाच्या बोटाच्या ठशाच्या रेघा वेगळ्या असतात.

१८६० साली एका झऱ्याच्या पाण्यात त्यांना कुणालाच माहीत नसलेल्या निळ्या रेघा दिसल्या. त्यांनी ४० हजार लिटरहून जास्त पाणी आटवले. एवढ्या पाण्यातून नव्या मूलद्रव्याचा क्षार मिळाला फक्त काही ग्रॅम! त्या मूलद्रव्याचे नाव सीझियम. १८६१ साली लाल रेघांचे रुबिडियम सापडले. पुढे १८६८ साली सूर्याच्या उजेडात अशीच एक नवी पिवळी रेघ दिसली. ती हेलियमची होती. म्हणजे सूर्यावर न जाताच सूर्यात काय आहे ते कळले. आज जगातला एक सेकंद केवढा, हे सीझियमच्या घड्याळावरून ठरते.

बुन्सेन यांनी लग्न केले नाही. विद्यार्थी हेच त्यांचे घर. १६ ऑगस्ट १८९९ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, दोन डोळे असून आपण कितीतरी गोष्टी नीट बघतच नाही. त्यांनी एका डोळ्याने कुणी न पाहिलेले पाहिले. आता आमच्याकडे ज्योत पिवळी झाली की मला बुन्सेन आठवतात. पण मुद्दाम आमटी उतू घालवायची नाही, अशी आईने ताकीद दिली आहे.

अशा थोर शास्त्रज्ञांना माझा नमस्कार.

इयत्ता चौथी