मेलबर्नचे तीन गोल

पावसाळ्यात संध्याकाळी भद्रावतीच्या आयुध निर्माणी वसाहतीकडे फिरायला गेले की एक दृश्य हमखास दिसते. चिखलाने भरलेल्या मैदानावर पंधरा-वीस पोरे फुटबॉल खेळत असतात. निम्म्यांच्या पायांत बूट नसतात, अंगात मात्र मेस्सी नाहीतर रोनाल्डोच्या नावाची जर्सी असते. परवा त्यातल्या एकाला सहज विचारले, ऑलिम्पिकच्या एका सामन्यात तीन गोल करणारा आपला खेळाडू कोण? पोरगा नुसता हसला. असा कोणी आपल्याकडे होऊन गेला असेल, यावरच त्याचा विश्वास बसेना.

त्या खेळाडूचे नाव नेव्हिल डिसूझा. जन्म १९३२ चा, गोव्यातल्या बार्देशमधील आसगावचा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. पोटापाण्यासाठी मुंबई गाठणे ही गोव्यातल्या घराघरांतली रीत होती. धोबी तलावच्या कुडांमध्ये गावोगावची माणसे उतरत आणि तिथून बोटीवर, रेल्वेत, कचेऱ्यांत पांगत. नेव्हिलचे नाव झाले तेही मुंबईतच. त्यांचा भाऊ डेरिक हाही पुढे भारताकडून खेळला.

त्या काळी फुटबॉलवर कोणाचे घर चालत नसे. घर चालत असे नोकरीवर. टाटा, कॅल्टेक्स अशा कंपन्यांचे संघ असत आणि नेव्हिल या दोन्हींकडून खेळले. आम्ही बँकेत होतो तेव्हाही खेळाडू म्हणून भरती झालेले सहकारी होते. दुपारपर्यंत खतावणी आणि मग मैदान, असा त्यांचा दिवस. त्यामुळे नेव्हिल कोणत्या जगातून वर आले असतील, याची थोडी कल्पना मला करता येते. १९५४ साली संतोष करंडक जिंकणाऱ्या मुंबईच्या संघात ते होते. दोनच वर्षांनी ते भारतीय संघाबरोबर मेलबर्नला निघाले.

या प्रवासाला एक जखम चिकटलेली होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुऊन काढले होते. आपले बहुतेक खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शाळामास्तर. त्यांच्यावरचा ‘मैदान’ हा चित्रपट २०२४ मध्ये अनेकांनी पाहिला असेल.

मेलबर्नला पहिला सामना खेळावाच लागला नाही. समोर हंगेरी होती, पण बुडापेस्टमधला उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला आणि हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारत थेट उपान्त्यपूर्व फेरीत गेला. तिथे गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी.

तारीख १ डिसेंबर १९५६. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांचा पहिला गोल. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला दुसरा. पुन्हा बरोबरी. मध्यंतरानंतर, पन्नासाव्या मिनिटाला तिसरा. या वेळी मात्र ऑस्ट्रेलियाला उत्तर सापडले नाही. किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारत ४-२ असा जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू ठरले.

आता एक तारीख आठवून पाहा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. महाराष्ट्रातलीही किती माणसे त्या सत्याग्रहात होती! पुढच्याच वर्षी, गोवा अजून परक्यांच्या ताब्यात असताना, आसगावात जन्मलेला एक तरुण भारताची जर्सी घालून जगापुढे उभा होता. गोवा स्वतंत्र व्हायला १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला. मेलबर्नचे ते तीन गोल त्याच्या पाच वर्षे आधीचे!

उपान्त्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आली. मध्यंतरापर्यंत गोल नव्हता. मध्यंतरानंतर काही मिनिटांत नेव्हिल यांनी गोल केला आणि चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला भारत आघाडीवर गेला. ही आघाडी फार टिकली नाही. सामना ४-१ असा हातचा गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असे हरवले. भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये याहून वरचे स्थान आपल्याला त्यानंतर कधी मिळालेले नाही. नेव्हिल यांचे गोल चार झाले. स्पर्धेत तेवढे गोल आणखी दोघांनीच केले, एक युगोस्लाव्हियाचा आणि एक बल्गेरियाचा.

माझ्या मते नेव्हिल मागे पडले ते इथेच. पदक मिळाले तर नाव पाठ्यपुस्तकात जाते, चौथ्या क्रमांकाची नोंद कोणी ठेवत नाही. पुढे १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स कप जिंकला, त्यातही ते होते. १९६१ पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाले, त्यांच्या मेलबर्नच्या काही सोबत्यांना तो मिळालाही. नेव्हिल यांना मिळाला नाही. मार्च १९८० मध्ये, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, ते गेले. आज वांद्र्याच्या एका फुटबॉल मैदानाला त्यांचे नाव आहे. मुलांनी रोज पायांखाली घ्यावे असे स्मारक, आणि खेळाडूला ते शोभतेही.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे एक सवय लागली आहे. शिल्लक किती, एवढे पाहून मी खाते मिटत नाही. मधल्या नोंदीही वाचतो. आपण खेळाडूंची खाती वाचताना नेमकी हीच चूक करतो.

त्या संध्याकाळी पोराला मी नाव सांगितले. त्याने ते एकदा चुकीचे, मग नीट उच्चारले, आणि अनवाणी पायांनी चेंडूमागे धावला.