आचार्य अत्रे : शाळा, वृत्तपत्र आणि विधानसभा



स्मरणिकेसाठी एका मोठ्या माणसाचे चरित्र लिहायचे ठरले तेव्हा मी आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांचे नाव सुचवले. आपल्यापैकी कुणी शिक्षक झाले, कुणी वार्ताहर, तर कुणी नगरपालिकेच्या राजकारणात गेले. अत्रे या तिन्ही वाटांनी चालले.

त्यांचा जन्म 13 ऑगस्ट 1898 रोजी सासवडजवळच्या कोढीत गावी झाला. पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. लंडनला जाऊन त्यांनी शिक्षकाची पदविका घेतली. परत आल्यावर मुलांना आपले वाटतील असे धडे असलेली 'नवयुग वाचनमाला' तयार केली. नाटके आणि विडंबने यांमुळे त्यांचे नाव घरोघरी पोचले होतेच.

पुढे काँग्रेसतर्फे ते पुणे नगरपालिकेत निवडून गेले आणि स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. त्या काळातले त्यांचे एक काम आजही पुण्यात उभे आहे. रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव देण्यात त्यांचा पुढाकार होता. गंमत अशी की, फुले स्वतः नगरपालिकेचे सदस्य असताना या मंडईवरच्या मोठ्या खर्चाला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे मत होते.

1940 मध्ये अत्र्यांनी 'नवयुग' साप्ताहिक काढले. 'श्यामची आई' या त्यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पण त्यांच्या आयुष्याला खरे वळण दिले ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपले वैजापूर मराठवाड्याबरोबर हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 15 नोव्हेंबरला, अत्र्यांचे दैनिक 'मराठा' सुरू झाले. मुंबईसह मराठी राज्य मिळाले पाहिजे, ही मागणी त्या पत्राने कामगारांच्या चाळींपर्यंत नेली.

1957 मध्ये अत्रे संयुक्त महाराष्ट्र समितीतर्फे मुंबईतून आमदार झाले. समितीने मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात जोर दाखवला. मात्र मराठवाडा, विदर्भ आणि गुजरातच्या बळावर सरकार काँग्रेसचेच राहिले. अत्र्यांनी आमदार झाल्यावरही लेखणी खाली ठेवली नाही. सभागृहात विरोधक, वृत्तपत्रात संपादक आणि मैदानात वक्ते अशी तिन्ही कामे ते एकदम करत राहिले. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्यात या कामाचा वाटा मोठा आहे.

त्यांचे सगळेच मला पटत नाही. त्यांची टीका अनेकदा माणसाच्या अंगावर जाई. ज्याच्या हाती वृत्तपत्र आहे आणि आमदारकीही आहे, त्याला जाब कुणी विचारायचा, हा प्रश्न आजही उरतोच. पण त्यांचे मनही तेवढेच मोठे होते. ज्या पंडित नेहरूंवर त्यांनी प्रखर टीका केली, त्यांच्या निधनानंतर अत्र्यांनी लिहिलेली 'सूर्यास्त' ही लेखमाला वाचावी. विरोधकाबद्दल इतक्या जिव्हाळ्याने लिहिलेले मराठीत फार थोडे आहे.

13 जून 1969 रोजी ते गेले. आपल्यातल्या नगरसेवकांनी मंडईची गोष्ट आणि वार्ताहरांनी 'सूर्यास्त' लक्षात ठेवावा, एवढेच माझे सांगणे आहे.