रघुनाथ धोंडो कर्वे
रघुनाथ धोंडो कर्वे (१४ जानेवारी, १८८२ - १४ ऑक्टोबर, १९५३) हे संततिनियमन व लैंगिक शिक्षणाचे मराठी प्रचारक, समुपदेशक आणि संपादक होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र.

गणिताचे प्राध्यापक असताना त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात ते वाचकांच्या खासगी शंकांना पाप-पुण्याचा विचार बाजूला ठेवून शास्त्राधारे उत्तरे देत. विचारणाऱ्याला दोषी न मानण्याची ही रीत त्या काळी दुर्मीळच होती. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वकीलपत्र घेऊनही कर्वे यांना दंड झाला. मासिक मात्र त्यांच्या निधनापर्यंत चालू राहिले.