सूर्याचा साक्षीदार

रिचर्ड कॅरिंग्टन यांचा जन्म १८२६ साली लंडन येथे झाला. पुत्राने धर्मोपदेशक व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. परंतु केंब्रिज येथे शिकत असता त्यांना आकाशाचा छंद लागला. घरी संपत्ती होती. ती चैनीत न उधळता त्यांनी रेडहिल या गावी स्वतःची वेधशाळा उभारली. रात्री ताऱ्यांचे व दिवसा सूर्यावरील डागांचे वेध घेण्याचा क्रम त्यांनी अनेक वर्षे चालविला.

१ सप्टेंबर १८५९ चा दिवस. दुर्बिणीतून पडद्यावर पाडलेल्या सूर्यबिंबावरून कॅरिंग्टन डागांचे चित्र रेखाटीत होते. सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी डागांच्या एका समूहावर दोन शुभ्र ज्योती एकाएकी तळपल्या. पडद्याच्या छिद्रातून प्रकाश आला असावा, असे प्रथम त्यांना वाटले. त्यांनी प्रतिमा हलवून पाहिली. ज्योती सूर्यावरच होत्या! कोणा साक्षीदारास आणावे म्हणून ते धावत गेले. मिनिटभरात परतले, तो ज्योती मंदावलेल्या. पाच मिनिटांत सारे संपले.

आता यावर कोण विश्वास ठेवणार? परंतु हॉजसन नावाच्या दुसऱ्या निरीक्षकानेही त्याच वेळी, स्वतंत्रपणे, तेच दृश्य पाहिले होते. शिवाय क्यू येथील वेधशाळेतील चुंबकसूची त्याच क्षणी थरथरली होती. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. तारायंत्रे बिघडली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही त्या वादळाची नोंद झाली. या घटनांचा मेळ कॅरिंग्टन यांनी जाणला. तथापि एकाच प्रसंगावरून निष्कर्ष काढण्याची घाई त्यांनी केली नाही.

सूचीच्या त्या थरथरण्याचे कारण पुढे विसाव्या शतकात उलगडले. सूर्यावरील अशा ज्वालेतून निघालेले क्ष-किरण व अतिनील किरण सुमारे आठ मिनिटांत पृथ्वीजवळ पोहोचतात. वातावरणाच्या उंच थरातील अणूंमधून ते इलेक्ट्रॉन सुटे करतात. या थरास आयनांबर म्हणतात. तेथील विद्युत्प्रवाह वाढला की भूतलावरील चुंबकसूची हलते. खालच्या भागात इलेक्ट्रॉन वाढले की रेडिओच्या लघुलहरी तेथेच शोषल्या जातात आणि पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूस दूरचे संदेश ऐकू येईनासे होतात.

१८७५ साली कॅरिंग्टन निवर्तले. तेव्हा रेडिओ नव्हता, आयनांबर हे नावही कोणास ठाऊक नव्हते. तरी सूर्य आणि पृथ्वी यांच्यातील हे नाते प्रथम ध्यानी आले, ते त्यांच्या प्रामाणिक नोंदीमुळेच. जे दिसले तेवढेच त्यांनी लिहिले, आणि म्हणूनच ते टिकले.