हात धुवायला सांगणारा डॉक्टर : इग्नाझ सेमेलवाइस

हात धुवा, हे वाक्य आपण मुलांना दिवसातून किती वेळा सांगतो! पण हेच वाक्य डॉक्टरांना सांगितलं म्हणून एका माणसाला फार मोठी किंमत मोजावी लागली. त्याची ही गोष्ट.

इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म 1 जुलै 1818 रोजी हंगेरीतील बुडा येथे झाला. शिक्षण व्हिएन्नात झाले. 1846 साली ते तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात प्रसूती विभागात सहायक डॉक्टर म्हणून रुजू झाले.

तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. 1846 मध्ये पहिल्या विभागात शंभरातल्या सुमारे अकरा बायका दगावल्या, तर दुसऱ्यात तीनपेक्षाही कमी. कारण एकच, बाळंतज्वर. पहिल्या विभागात नको, म्हणून बायका अक्षरशः हातापाया पडत. इमारत तीच, हवा तीच. मग फरक कशाचा?

1847 च्या मार्चमध्ये त्यांचे मित्र डॉ. कोलेच्का वारले. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या सुरीने त्यांना जखम झाली होती. त्यांच्या शरीरात बाळंतज्वराचीच लक्षणं दिसली आणि सेमेलवाइस यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत; सुईणी शवविच्छेदन करत नसत. म्हणजे मरण आपल्याच हातांवरून जात होतं!

मे महिन्यात त्यांनी नियम केला : विभागात येणाऱ्या प्रत्येकाने क्लोरिनयुक्त चुन्याच्या, म्हणजे आजच्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुवायचे. एप्रिलमध्ये शंभरात अठरा मृत्यू होते, जूनमध्ये ते दोनांवर आले. पुढे एका संसर्ग झालेल्या रुग्णाला तपासून त्याच हातांनी इतरांना तपासलं, तेव्हा पुन्हा अनेक बायका दगावल्या. मग दोन रुग्णांच्या मध्येही हात धुणं सक्तीचं झालं.

एवढा पुरावा असूनही बऱ्याच मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. जंतूंचं शास्त्र अजून यायचं होतं, आणि आपल्याच हातांनी रुग्ण मेले हे मान्य करणं सोपं नव्हतं. सेमेलवाइस यांनीही आपलं काम सविस्तर लिहायला 1861 साल उजाडू दिलं. नंतर विरोधकांना त्यांनी खूनी ठरवणारी जळजळीत पत्रं लिहिली. माणसं जवळ येण्याऐवजी आणखी दुरावली. 1865 मध्ये त्यांना फसवून मनोरुग्णालयात नेण्यात आलं. तिथे मारहाण झाली, जखम चिघळली आणि 13 ऑगस्टला रक्तात विष भिनून ते गेले. वय अवघं 47. दोनच वर्षांनी लिस्टर यांचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील लेख प्रसिद्ध झाले.

आज जगभर परिचारिका, डॉक्टर आणि सफाई कर्मचाऱ्यांना हात कधी धुवायचे याचे पाच प्रसंग शिकवतात : रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त वा स्रावाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. दरवर्षी 5 मे हा हात-स्वच्छता दिनही पाळला जातो.

आपल्यासाठी यातून काय घ्यायचं? नियम बरोबर असून भागत नाही, त्यामागचं कारणही समजावून सांगावं लागतं, आणि तेही न चिडता. उद्या वर्गात किंवा घरी हात धुवायला सांगाल, तेव्हा ही गोष्टही जरूर सांगा.